घराची किल्ली गावात ठेवा
परदेशातल्या कोकणी वाचकांचे प्रश्न

मस्कतमध्ये एकोणीस वर्षं काढून आम्ही दोघं २०११च्या मे महिन्यात कशेळीजवळच्या आमच्या वाडीत परत आलो. पुढच्याच वर्षीपासून माजघरामागच्या दोन खोल्यांत पाहुणे ठेवायला लागले, ते आजही ठेवते. या सदरात एरवी घर, बाग, मुलं, सुना असे सगळेच प्रश्न येतात. पण २०२५च्या जुलैमध्ये जागतिक वारशाच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले, त्यात आपले सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्गही होते, आणि तेव्हापासून बाहेरदेशातल्या आपल्या माणसांची पत्रं वाढली. सगळ्यांची कळकळ एकच: आमचा मुलूख वर्षानुवर्षं मनीऑर्डरवर जगला, आता तिथे पर्यटन येतंय, तर आम्ही लांबून काय करू? म्हणून या खेपेला तेवढीच पत्रं घेतली आहेत. नावं कुणाचीच दिलेली नाहीत.

प्रश्न : काकू, मी सोळा वर्षं दुबईत आहे. पासपोर्ट भारतीय. आडिवऱ्याच्या बाजूला समुद्र दिसेल अशी तीन एकर जागा घेऊन बारा खोल्यांचं रिसॉर्ट बांधायचं मनात आहे. गावातल्या वीसेक पोरांना काम मिळेल. सुरुवात कुठून करू?

उत्तर : आधी कायद्याचं सांगते, कारण एजंट ते शेवटी सांगतात. पासपोर्ट भारतीय असला तरी फेमा, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याच्या लेखी तुम्ही अनिवासी. अनिवासी माणसाला घर घेता येतं, दुकानाचा गाळा घेता येतो. शेतजमीन, बागायत आणि फार्महाऊस विकत घेता येत नाही. आपल्याकडे समुद्र दिसणारा उतार सातबारावर बहुतेक ठिकाणी शेतजमीन किंवा वरकस, म्हणजे हलक्या प्रतीची शेतजमीन, म्हणूनच लागलेला असतो. वाडवडिलांकडून वारसाने आलेली शेतजमीन तुम्हाला ठेवता येते, तो भाग वेगळा. "चुलतभावाच्या नावावर घ्या, आपलंच आहे" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. पैसे एकाचे आणि नाव दुसऱ्याचं, असा व्यवहार बेनामी ठरू शकतो, आणि भाऊबंदकीत अशी जमीन परत मिळाल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. शिवाय किनारा नियमन क्षेत्राचे नियम आहेत. कमी लोकवस्तीच्या गावांत भरतीरेषेपासून दोनशे मीटरपर्यंतचा पट्टा ना-विकास क्षेत्रात मोडतो. म्हणजे जी जागा तुम्हाला फोटोत दाखवतील, नेमकी तिथेच बांधता येणार नाही.

पण समजा कायद्याची काही आडकाठी नसती, तरी मी तुम्हाला बांधू नका असंच म्हटलं असतं.

आमच्या वाडीत एकतीस घरं आहेत. त्यातली चौदा घरं गणपती, शिमगा आणि मे महिन्यातले काही दिवस सोडले तर कुलूपबंद. जांभ्याच्या चिऱ्यांच्या जाड भिंती, मंगलोरी कौलं, पुढे पडवी, अंगणात वृंदावन, आणि दाराला पितळी कुलूप. शाकारणी, म्हणजे पावसाआधी कौलं परतणं, चुकली की दोन पावसाळ्यांत वासे कुजतात. वाळवी आधी देवघराच्या चौकटीला लागते, कारण ती चौकट भिंतीत बसवलेली असते आणि तिथे कुणी हात लावत नाही. अशी घरं समोर उभी असताना आपण बारा नव्या खोल्या कशाला बांधायच्या? रिसॉर्टला स्वयंपाकी बाहेरून येतो, मॅनेजर बाहेरून येतो, भाजीची गाडी घाटावरून येते. गावातल्या पोरांच्या वाट्याला फाटक आणि फरशी. पावसाचे चार महिने बंद राहिलं की तीही नोकरी जाते.

आमच्या शेजारचं उदाहरण सांगते. माझ्या थोरल्या जाऊबाई एकट्या राहतात. मुलगा चिपळूणला कामाला. त्यांच्या घराला लागूनच पुतण्याचं घर, पुतण्या अबूधाबीला. घर नऊ वर्षं बंद होतं. २०१६च्या गणपतीत तो आला, तेव्हा तुमच्यासारखंच बोलत होता, की मोठं काहीतरी करू. मी त्याला म्हटलं, आधी आहे ते उघड. तो तयार झाला. त्याने कौलं परतून घेतली, मागच्या अंगाला कमोडचे दोन संडास-बाथरूम बांधले, चार चांगल्या गाद्या, मच्छरदाण्या आणि इन्व्हर्टर घेतला. भिंतींना हात लावला नाही. ओटीवरच्या जुन्या झोपाळ्याच्या कड्या तेवढ्या बदलल्या. आणि जाताना किल्ली जाऊबाईंच्या हातात दिली.

पहिले पाहुणे डिसेंबरात आले, पुण्याचं चौकोनी कुटुंब. जाऊबाईंनी सकाळी घावणे केले, दुपारी काळ्या वाटाण्याची आमटी, भात, फणसाची सुकवलेली भाजी आणि सोलकढी. पानं वाढून त्या स्वयंपाकघराच्या दाराआड उभ्या राहिल्या. पंगतीत पुरुषमाणसांसमोर उभं राहायची सवय नाही, आणि शहरातल्या माणसांना आपलं जेवण कमी वाटेल ही धास्ती. मी बाजूला बसले होते. त्या बाईंनी आमटीची वाटी पुढे केली आणि म्हणाल्या, "काकू, अजून आहे का? आणि वाटण कसं करता ते मला दाखवाल?" जाऊबाई दाराआडून बाहेर आल्या. त्या दुपारी दोघी पाट्यापाशी बसल्या होत्या, खोबरं भाजून कुठवर काळं करायचं यावर बोलत होत्या. संध्याकाळी जाऊबाईंनी मला विचारलं, "हिशोबाची वही कशी ठेवायची गं?" त्यांनी सबंध आयुष्यात स्वतःच्या नावाने कसला हिशोब ठेवला नव्हता.

त्या घरात आज तीन खोल्या चालतात. पुतण्या भाडं घेत नाही. कमाई जाऊबाईंची, त्यातून दरवर्षीची शाकारणी आणि रंग त्या करतात, आणि तो आला की घर उघडं, सारवलेलं, दिवा लागलेलं असतं. भाडं न घेण्याला व्यवहारी कारणही आहे. घरमालक अनिवासी असला की भाडेकरूला भाड्यातून कर कापून भरावा लागतो, त्याची विवरणं भरावी लागतात. गावातल्या बाईच्या गळ्यात ते लोढणं कशाला? तुम्हाला भाडं हवंच असेल तर लिव्ह अँड लायसन्स करार रीतसर नोंदवा, पैसे एनआरओ खात्यात, म्हणजे अनिवासींच्या भारतातल्या कमाईसाठीच्या बँक खात्यात घ्या आणि सीए गाठा.

पर्यटन संचालनालयाची न्याहारी-निवास योजना आहे, तिच्यात नोंदणी राहणाऱ्या माणसाच्या नावाने करा. परदेशी पासपोर्टवरचा पाहुणा आला की चोवीस तासांत त्याची माहिती ऑनलाइन भरावी लागते, ज्याला लोक सी-फॉर्म म्हणतात. हे काम लांबून तुम्हीच करून देऊ शकता, आणि ते खरोखर उपयोगाचं आहे.

तीन एकरांचे पैसे तुमच्याकडे आहेत ना? मग त्यात अशी आठ-दहा घरं उघडतील. वाडीतल्या बंद घरांची यादी करा, मालक कुठे आहेत ते शोधा. निम्मे तुम्हाला आखातातच भेटतील.

प्रश्न : मी कुवेतला असतो. राजापूर तालुक्यात आमचा सामायिक सडा, म्हणजे जांभ्याचं उघडं पठार आहे. त्यावर कातळशिल्पं आहेत, एक मोठा मासा आणि माणसासारखी एक आकृती. चुलतभाऊ म्हणतात की चिरेखाणीला देऊ, निदान पैसे तरी येतील. चित्रांचं काय करायचं? मला ते पटत नाही, पण लांब बसून अडवलं तर वाईटपणा येतो.

उत्तर : तुमचं पत्र वाचून रात्री झोप आली नाही, इतकं स्पष्ट सांगते.

आमच्या सासूबाई कातळावरच्या चित्रांना पांडवांची चित्रं म्हणायच्या. सड्यावर गुरं घेऊन जाणाऱ्या पोरांना ती माहीत असायची, पण त्यापलीकडे कुणी लक्ष दिलं नव्हतं. कातळशिल्पांचे अभ्यासक सुधीर रिसबूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रत्नागिरीचे सडे पायी पालथे घातले, गुराख्यांना विचारत फिरले, तेव्हा शेकडो आकृत्या उजेडात आल्या. २०२२ मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारशासाठीच्या तात्पुरत्या यादीत गेली. त्यात आपल्या जिल्ह्यातली कशेळी, रुंढे तळी, देवाचे गोठणे, बारसू, देवीहसोळ, जांभरुण आणि उक्षी, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसायमळ, अशी नऊ ठिकाणं आहेत. यातली काही दहा-बारा हजार वर्षांपूर्वीची असावीत असं अभ्यासक मानतात. एवढी जुनी गोष्ट तुमच्या सातबाऱ्यावर आहे.

मी पाहुण्यांना कशेळीचा हत्ती दाखवायला नेते तेव्हा फेब्रुवारीत, सकाळी आठच्या आत नेते. ऊन तिरपं असतं. सपाट वाटणाऱ्या जांभ्यावर एकदम खोबणींत सावल्या भरतात आणि रेघा उठून दिसतात. हत्ती अठरा मीटर लांब आणि तेरा मीटर रुंद आहे, एका जागी उभं राहून तो दिसतच नाही. आधी पाय दिसतो, मग चालत गेलं की सोंड. त्याच्या अंगभर दुसरे लहान प्राणी आणि मासे कोरलेले आहेत. एकदा नाशिकची एक सात-आठ वर्षांची मुलगी कडेला उकिडवी बसून बोट न लावता हवेतच रेघ गिरवत होती, अर्धा तास. दहा वाजले की ऊन डोक्यावर येतं आणि सगळं पुन्हा पुसल्यासारखं होतं. देवाचे गोठण्याला तर होकायंत्र ठेवलं की सुई भलतीकडेच वळते, तिथल्या कातळात चुंबकीय गुण आहे म्हणून. हे पाहायला माणसं गाडी भरून येतात. तुमच्या भावांना हे कुणीतरी दाखवलं पाहिजे.

आता व्यवहाराचं. चिरा एकदाच निघतो. मशीन लावलं की काही वर्षांत खड्डा उरतो, त्यात पावसाचं पाणी साचतं आणि गुरं पडतात. भावांना पैसे हवेत ही त्यांची गरज खरी आहे, ती खोटी ठरवू नका. नुसतं "विकायचं नाही" म्हणाल तर वाईटपणा येणारच. तुम्ही कुवेतला कमावता, ते इथे पावसावर जगतात. म्हणून अडवायला जाताना हातात काहीतरी घेऊन जा.

मी असं करेन. चित्रांभोवतीचा तेवढाच तुकडा मोजून घ्यायचा आणि बाजूला ठेवायचा, संपूर्ण सडा नव्हे. त्याला चिऱ्यांचा गुडघाभर गडगा घालायचा, म्हणजे गाडी वर चढणार नाही. गाड्यांच्या चाकांनी रेघा झिजतात, हे सगळ्यात मोठं नुकसान. फोटोसाठी रेघांत खडूची भुकटी किंवा रांगोळी भरतात, तेही करू द्यायचं नाही. गडग्याचा खर्च तुम्ही करा. मग भावांच्या घरातला जो मुलगा-मुलगी दहावी-बारावी करून बसली असेल तिला वाटाड्या म्हणून उभी करा. एक हंगाम तिचा पगार तुम्ही द्या, पाहुणे आले न आले तरी. पुढच्या हंगामापासून ती माणशी पैसे घेईल. भावाच्या घरात येणारे पैसे सड्यावरून आले की भाऊच सड्याचा राखणदार होतो. उक्षीला गावाने पुढाकार घेऊन कातळातला हत्ती जपला आहे. तिथे एकदा भावांना घेऊन जा, त्यांना गावकऱ्यांशीच बोलू दे.

आणि तोवर एक काम आजच करा. सातबाऱ्यावर तुमचं नाव असेल तर तुम्ही सहहिस्सेदार आहात. खाणीच्या परवानगीला तुमची हरकत आहे आणि जागेवर कातळशिल्प आहे, असं तहसीलदारांना लेखी कळवा, फोटो जोडा आणि प्रत पुरातत्त्व विभागाला पाठवा. भावांना ते पत्र जाण्याआधी स्वतः फोन करा. सरकारी कागदातून त्यांना कळता कामा नये.

प्रश्न : आम्ही टोरांटोत सतरा कुटुंबं आहोत, सगळी एकाच तालुक्यातली. बहुतेकांनी कॅनडाचं नागरिकत्व घेतलं आहे, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते ओसीआय कार्ड आहे. गावच्या देवस्थान ट्रस्टला पर्यटन निवास बांधायला पैसे पाठवायचे आहेत. काही अडचण आहे का?

उत्तर : अडचण आहे, आणि ती न कळल्यामुळे भल्या माणसांचे ट्रस्ट अडचणीत येतात. तुमच्यात जे अजून भारतीय नागरिक आहेत त्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे परदेशी देणगी धरत नाहीत. ज्यांनी कॅनडाचा पासपोर्ट घेतला, त्यांची देणगी ओसीआय कार्ड असलं तरी परदेशी देणगीच. ती घ्यायला ट्रस्टकडे केंद्रीय गृह मंत्रालयाची एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी आणि दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत त्यासाठीचं खातं हवं. गावच्या देवस्थानाकडे ते बहुधा नसतं. "एका भारतीय पासपोर्टवाल्याच्या खात्यातून सगळ्यांचे पाठवू" हा उपाय कुणी सुचवेल. तो करू नका.

उलट साधी गोष्ट करा. वस्तूची किंवा सेवेची किंमत म्हणून नेहमीच्या व्यवहारात दिलेले पैसे देणगी नसतात. सतरा कुटुंबं दोन-तीन वर्षांतून एकदा येताच. त्या सहलीत आठ दिवस मामाकडे फुकट राहण्याऐवजी वाडीतल्या चार घरांत खोल्या घ्या, पावती घ्या, पूर्ण दर द्या. आपल्याच गावात पैसे देऊन राहायचं हे प्रथम विचित्र वाटतं, मला कळतं. मामा रागावतील. जेवायला मामांकडे जा, झोपायला शेजारच्या वहिनींकडे. तिथे वाढलेली तुमची मुलं आणि त्यांचे मित्र हे आपल्या मुलखाचे उत्तम पाहुणे आहेत, कारण ते सलग दहा दिवस राहतात. मुंबईचा पाहुणा दोन रात्रींचा.

एकत्र निधीचंच म्हणाल तर मेक्सिकोचं उदाहरण माझ्या डोक्यात आहे. तिथल्या झाकातेकास प्रांतातली माणसं पिढ्यानपिढ्या अमेरिकेत कामाला जातात आणि तिथे आपापल्या गावाची मंडळं काढतात, अगदी आपल्या वाडीच्या मुंबई मंडळासारखी. मंडळाने गावच्या कामाला एक डॉलर दिला की नगरपालिका, प्रांत आणि केंद्र मिळून तीन घालायचे, अशी योजना तिथे वाढली आणि २००२ मध्ये देशभर लागू झाली. त्यातून रस्ते झाले, पाण्याच्या योजना झाल्या. मला त्यातली आवडलेली गोष्ट म्हणजे गावच्या नगरपालिकेलाही स्वतःचा वाटा घालावा लागायचा. आपल्याकडेही मुंबईच्या गिरणीत कामाला गेलेल्या चाकरमान्यांनी खोलीभाडं वाचवून गावात शाळा आणि देवळं उभी केली. पण तुमच्या निवासाला ग्रामपंचायत एक रुपयाही घालणार नसेल, झाडलोट कुणी करायची हे ठरलेलं नसेल, तर ती इमारत तीन वर्षांत गवत ठेवायची जागा होईल. मी अशा दोन पाहिल्या आहेत.

प्रश्न : काकू, मी २६ वर्षांची आहे, जर्मनीत शिकते. पैसे नाहीत, जमीन नाही, आई-बाबा ठाण्यात. आजोळ देवगडजवळ. माझ्यासारखीने काय करायचं?

उत्तर : बाळा, तुझ्याकडे वेळ आणि भाषा आहे, आणि ती आमच्याकडे नाही.

पहिलं, नकाशा. आजोळच्या गावातली घरं, देऊळ, समुद्रावर उतरायची पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, एसटीचा थांबा, दवाखाना, हे सगळं फोनवरच्या नकाशावर बरोबर जागी आहे का ते बघ. आमच्या घराची खूण तीन वर्षं खाडीच्या पलीकडे दाखवत होती. पाहुणे रात्री नऊ वाजता होडी शोधत उभे राहायचे. माझ्या भाच्याने ती सुधारली तेव्हा माझे निम्मे फोन कमी झाले.

दुसरं, खोलीचे फोटो खरे काढ. समुद्र घरापासून वीस मिनिटं चालत असेल तर तसंच लिही. खोटा फोटो पाहून आलेला पाहुणा तोंड पाडून बसतो आणि यजमानीण आठवडाभर स्वतःला दोष देते.

तिसरं, तुझ्या मामी-आजीच्या घरी पाहुणे असतील तर इंग्रजी-जर्मन निरोपांना उत्तरं तू लिही, पण दर आणि होकार-नकार त्यांनाच ठरवू दे. एका बुकिंग कंपनीने आमच्या घरावर आम्हाला न विचारता सवलत लावली होती, आणि ती मला पाहुण्याकडून कळली. लांबच्या माणसाने घरातल्या बाईच्या वतीने बोलायला लागण्याचा धोका घरच्याच लेकीकडूनही असतो. तू तसं करणार नाहीस हे तुझ्या पत्रावरून वाटतं, तरी सांगून ठेवते.

आणि जर्मन मित्रांना पावसात आण. जून-जुलैत सगळे म्हणतात हंगाम संपला. पण ऑगस्ट-सप्टेंबरात सड्यावर सीतेची आसवं फुलतात, जांभळा गालिचा होतो, आणि गावात त्या वेळी एकही पाहुणा नसतो. पावसाळ्यातल्या चार खोल्यांची किंमत हंगामातल्या वीसांएवढी आहे. तेवढ्यावर मुलांची वह्या-पुस्तकं निघतात.

प्रश्न : मी लंडनला असते, पण वडील गुहागरकडे राहतात. ते म्हणतात पर्यटन नको. शनिवार-रविवारी गाड्या, किनाऱ्यावर बाटल्या, आणि एप्रिलात विहिरी आटतात. आम्ही परदेशातून उत्साहाने माणसं पाठवतो आणि सोसायचं त्यांनी. हे बरोबर आहे का?

उत्तर : वडिलांचं म्हणणं खरं आहे. त्यांना माझा नमस्कार सांगा.

आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि मे महिन्यात टँकर येतो. जांभा पाणी धरून ठेवत नाही, सगळं खाली समुद्रात जातं. माझ्या विहिरीला डिसेंबरात हात घातला तर पाणी लागतं अशी स्थिती असते, आणि एप्रिल संपताना तळाचा खडक दिसतो. रोज सकाळी मी दोर सोडून बघते. शहरातला पाहुणा शॉवरखाली उभा राहिला की आमच्या घराचं दिवसाचं पाणी एका अंघोळीत जातं. म्हणून माझ्याकडे शॉवर नाही, बादली आहे, आणि ते बुकिंगच्या वेळीच सांगते. १५ एप्रिलनंतर मी एकच खोली देते. माझी विहीर वाडीतल्या आणखी तीन घरांना पाणी देते, त्यांच्या हंड्यातलं काढून मी पाहुण्याला देऊ शकत नाही. मे महिन्यात चौकशी सगळ्यात जास्त असते, तरी नाही म्हणते.

म्हणून परदेशातल्या माणसाने पैसे घालायचेच असतील तर दुसरी खोली बांधण्याआधी पावसाचं पाणी साठवायची टाकी बांधावी. कौलांवरचं पाणी पन्हळीतून टाकीत. आमच्या टाकीचे पैसे माझ्या धाकट्या दिरांनी बहारीनहून पाठवले, आणि या घरासाठी कुणी केलेला तो सगळ्यात उपयोगी खर्च आहे.

गावाने स्वतःची मर्यादा घालून पाहुणे घेतल्याचं चांगलं उदाहरण मंडणगड तालुक्यातल्या वेळासचं आहे. तिथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. आधी ती अंडी चोरीला जायची. पुढे कासव महोत्सव सुरू झाला. पिल्लं सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी समुद्रात सोडतात, माणसं दोरीच्या अलीकडे उभी राहतात, आणि रात्री गावातल्याच घरांत जेवतात-झोपतात. हॉटेल नसतानाही गावाला पैसे मिळतात, कारण पाहुण्याला काय पाहायचं, कुठे थांबायचं आणि किती वाजता, हे गाव ठरवतं. वडिलांना एकदा फेब्रुवारी-मार्चमध्ये घेऊन जा. त्यांचं मत बदलेलच असं नाही. पण त्यांच्या गावात कुणी पर्यटनाची बैठक घेतली, तर तिथे पहिलं बोलायला त्यांच्यासारखा माणूस हवा. बाटल्यांचं आणि विहिरींचं तेच बोलतील.

प्रश्न : आमच्या घरावर नऊ जणांची नावं आहेत. चौघं परदेशात, तिघं मुंबईत, एक आत्या पुण्याला आणि गावात फक्त एक काका-काकू. घर उघडायचं सगळ्यांना मान्य, पण पुढे काहीच होत नाही.

उत्तर : कारण प्रत्येकाला वाटतं की दुसरा सही करेल. परदेशातल्या चौघांनी काकांच्या नावे मुखत्यारपत्र करा, फक्त घराची डागडुजी, नोंदणी, वीज-पाणी आणि पाहुणे ठेवण्यापुरतं. विक्रीचा आणि गहाणाचा अधिकार देऊ नका, म्हणजे कुणाच्या मनात पाल चुकचुकणार नाही. तिथल्या भारतीय वकिलातीत ते साक्षांकित करून घ्या आणि इथे पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत मुद्रांक भरा. आत्यांना विसरू नका. लेकींना न विचारता, त्यांची संमती गृहीत धरून केलेले कागदच पुढे कोर्टात अडकतात.

कमाई काका-काकूंची, हे लिहून ठेवा. गणपतीचे दिवस आणि मे महिन्यातला एक आठवडा घर भावंडांसाठी राखीव, हेही लिहा. देवघराची खोली पाहुण्यांना द्यायची नाही, असं आमच्याकडे ठरवलं आहे, तुमच्याकडेही विचार करा.

फोनवर हे होणार नाही. गौरी जेवतात त्या दिवशी दुपारी सगळे एकाच पंगतीला असतात आणि कुणाला गाडी गाठायची घाई नसते. काकूंनाही त्या वेळी बसवून घ्या, कारण पाहुण्यांचा चहा पहाटे त्यांनाच ठेवायचा आहे. त्यांना किती खोल्या झेपतील हे आधी विचारा. त्या एक म्हणाल्या तर एकच उघडा.